थोरले वेशीवर थांबले

थोरले म्हणजे ट्रक. खू घराण्यात कुणासमोर "तुमचा ट्रक" असं म्हणून बघा. चहा मिळेल, पण दुसरा कप कुणी विचारणार नाही. घरची लेक ग्वे-हा जन्मली त्याच्या आधीपासून तो दारात उभा होता, आणि वयाने मोठ्याला नावाने हाक मारायची त्यांच्यात रीत नाही. म्हणून थोरले. थोरले जेवले का, म्हणजे डिझेल भरलं का. थोरल्यांना थंडी बाधली, म्हणजे सकाळी गाडी सुरू होत नाही.

रंग निळा, पण आता जिथे जिथे उरलाय तिथेच. मागच्या हौद्यावर बाहुल्यांचा रंगमंच. एका बाजूची फळी खाली सोडली की आतून राजवाडाच उघडतो. सोनेरी खांब, त्यांना विळखा घातलेले ड्रॅगन, वर पंख पसरलेले पक्षी, सगळं लाकडात कोरलेलं. ग्वे-हाच्या आजोबांनी तो रंगमंच हौद्याला असा ठोकून बसवला होता की ट्रक कुठे संपतो आणि नाटक कुठे सुरू होतं ते त्यांच्या नातीलाही सांगता आलं नसतं.

आणि त्या राजवाड्याचे धनी म्हणजे ग्वे-हाचे वडील, बिंग-हाई. ऐंशी कधीच ओलांडलेली. चालताना भिंत धरतात, जेवताना काड्यांमधून मासा निसटतो, लेकीने तीनदा हाक मारल्याशिवाय ऐकू येत नाही. पण हातात बाहुली चढवा आणि मग बघा. तीच थरथरती बोटं बाहुलीच्या डोक्यात शिरली की सेनापती मिशीला ताव देतो, नवी नवरी पदराआडून बघते, म्हातारा शेवया खाता खाता ठसकतो. सगळ्यांचे आवाज एकट्या बिंग-हाईंचे. मी त्यांचा खेळ किती वेळा पाहिला असेल, पण ती नवरी लाजली की अजून माझी मान खाली जाते.

हा खेळ माणसांसाठी नसतो, देवासाठी असतो. देवळासमोर गाडी लावायची, पडदा देवाकडे करायचा आणि खेळायचं. माणसं आली तर आली. अलीकडे येत नव्हतीच. गावोगावच्या देवळांनी हळूहळू रंगीत दिव्यांच्या गाड्या बोलवायला सुरुवात केली. तिथे आवाज रेकॉर्डिंगचा आणि बाहुल्या नुसत्या हलवायच्या. बिंग-हाईंकडे खऱ्या अर्थाने एकच सकाळ उरली होती. तैनान शहराच्या जुन्या वस्तीत वैद्यराजांचं देऊळ आहे. वैद्यराज म्हणजे एके काळचे खरेखुरे वैद्य, मेल्यावर देव झालेले. तिसऱ्या चांद्रमासातल्या पौर्णिमेला त्यांचा वाढदिवस, आणि त्या सकाळचा पहिला खेळ खू मंडळींचा. ती सकाळ गेली की बाबांच्या हातांना वर्षभर दुसरं काम नव्हतं, हे ग्वे-हाला पक्कं माहीत होतं. ती ट्रक चालवायची, पडदे बांधायची, सगळा हिशोब सांभाळायची. पण झोप उडायची ती ह्याच एका गोष्टीने.

तर त्या पौर्णिमेच्या सकाळी थोरले उसाच्या पट्ट्यातून खोकत खोकत शहरात आले आणि देवळाच्या गल्लीच्या तोंडाशी, कालव्यावरच्या पुलापाशी थांबले. पुढे नवाकोरा फलक होता आणि खांबावर कॅमेरा. धुराची चाचणी होऊन शिक्का मिळालेला नसेल तर जुन्या डिझेल गाड्यांना आत बंदी.

"चल की," बाबा शेजारून म्हणाले. "थांबलीस का?"

ग्वे-हाने स्टिअरिंग सोडलं नाही. "बाबा, शिक्का नाहीये."

"नाहीये म्हणजे? हिवाळ्यात तू गेली होतीस ना चाचणीला?"

"गेले नव्हते."

मागच्या सीटवर ढोल मांडीत घेऊन बसलेला तिचा नवरा होक खिडकीबाहेर बघायला लागला. त्याला खरी गोष्ट माहीत होती आणि ती सांगताना आपण गाडीत नसतो तर बरं, असं त्याला वाटत होतं.

खरी गोष्ट अशी. चाचणीची सूचना आली तेव्हा होक म्हणाला होता की जाऊन ये. पण ग्वे-हाने घरातल्या देवाला कौल लावून विचारलं. नाटकवाल्यांचा एक देव असतो. त्याची वीतभर मूर्ती बाहुल्यांच्या पेटीतच राहते. थोरल्यांचा धूर चालेल का, असं तिने विचारलं, आणि देव लागोपाठ तीनदा होय म्हणाला. मग कशाला उगाच रांगेत उभं राहायचं?

"मी तेव्हाच म्हटलं होतं," होकला शेवटी राहवलं नाही. "त्या देवाला नाटकातलं कळतं. डिझेलमधलं त्याला काय कळणार? आपण विचारलं धूर चालेल का, त्याला वाटलं असेल रंगमंचावर राक्षस येतो तेव्हाचा धूर!"

"तू गप रे."

"गपच आहे. गेले चार महिने गपच आहे."

बाबा ओरडतील म्हणून ग्वे-हाने मान खाली घातली. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते नुसते म्हणाले, "इंजिन बंद कर. वैद्याच्या दाराजवळ धूर नको." आणि दरवाजा उघडून, दांडी धरून, एकेक पाय शोधत खाली उतरले.

तेवढ्यात देवळाचे प्रमुख लो काका पुलावरून धावत आले. लो काकांचं जडीबुटीचं दुकान. सणाचा रेशमी अंगरखा घातलेला, कपाळाला घाम. आता एक गोष्ट सांगितली पाहिजे. हा फलक इथे लागावा म्हणून दारोदार फिरून सह्या घेणारे हेच लो काका. त्या गल्लीत पोरं कमी आणि दम्याच्या म्हाताऱ्या जास्त. त्यांनी आधी देवळातले फटाके बंद केले, मग देवाला वाहायच्या कागदी नोटांची होळी बंद केली, मग माणशी एकच उदबत्ती असा नियम काढला. लोकांनी त्यांना काय काय नावं ठेवली ते इथे लिहिण्यासारखं नाही. देवाच्या तोंडचा धूर काढून घेतो म्हणाले. पण लो काका हटले नाहीत, आणि खरं सांगायचं तर मला त्या माणसाचं कौतुकच वाटतं. देवाच्या दारात वाईटपणा घ्यायला छाती लागते.

"शिक्का?" लो काकांनी एकदा काचेकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "ग्वे-हा, अगं पोरी!"

"इंजिन बंद करून ढकलत नेऊ," होक म्हणाला. "धूर नाही, आवाज नाही. पालखीचे भोई आहेतच की. थोरले काय, एक मोठी पालखीच समजा."

"अरे, कॅमेऱ्याला नाक असतं का? त्याला नुसते डोळे! नंबर दिसला की लागली नोंद."

"मग नंबरावर फडकं टाकू."

"वैद्यराजांच्या वाढदिवसाला चोरी?" हे बिंग-हाई बोलले. ते पुलाच्या कठड्याला टेकून उभे होते. "लो बरोबर बोलतोय. नियम त्याने केलाय, मी तो मोडणार नाही. मोडायला लावलास तर तुझा ढोल कालव्यात जाईल."

होकने ढोल जवळ ओढून घेतला.

लो काकांनी आवाज खाली आणला. त्यांना पुढचं बोलणं जड जात होतं, हे दिसतच होतं. "बिंग-हाई, दुपारच्या नैवेद्याच्या आत खेळ व्हायलाच हवा. पंच आत बसलेत. ते म्हणतायत, ती दिव्यांवाली मंडळी जवळच आहेत, त्यांची गाडी नवी आहे, लगेच येतील. आणि एकदा वाढदिवसाचा मान दुसऱ्याला गेला की..." देवापुढचा मान एकदा हातचा गेला की परत मागता येत नाही, हे तिथल्या पोरासोरांनाही ठाऊक असतं.

"बोलवा त्यांना," बिंग-हाई म्हणाले.

"बाबा!"

"देवाला उपाशी ठेवायचं का मग, माझ्या हौसेपायी?"

ग्वे-हा त्यांच्या हातांकडे बघत राहिली. कठड्यावर ठेवलेल्या त्या हातांची दोन-दोन बोटं आपोआप हलत होती. आज करायच्या खेळाची उजळणी चालली होती. म्हाताऱ्याच्या तोंडाने मान सोडला होता, बोटांना अजून कळलं नव्हतं. तिला रडू फुटणार होतं, पण रडण्याऐवजी तिला राग आला, आणि राग आला की ह्या बाईचं डोकं फार चांगलं चालतं.

"लो काका, त्यांना बोलवायचं हे कुणी ठरवलं? पंचांनी. देवाला विचारलंत?"

लो काका वळून देवळाकडे बघायला लागले. विचारलं नव्हतं.

सगळे देवळात गेले. बाबांना होकने हाताला धरून आणलं, आणि वाटेत लो काकांना चाचणीच्या कौलाची गोष्टही सांगून टाकली. गाभाऱ्यात वैद्यराज बसलेले, काळासावळा चेहरा, नव्या झग्यात. समोरच्या टेबलावर तांबडे कासवाच्या आकाराचे केक, पेरू, शेवयांचे डोंगर. लो काकांनी कौलाचे दोन लाकडी तुकडे ओंजळीत घेतले. तुकडे चंद्रकोरीसारखे, एका अंगाने सपाट, दुसऱ्या अंगाने फुगीर. एक उताणा आणि एक पालथा पडला की होय. दोन्ही पालथे पडले की नाही. दोन्ही उताणे पडून डुलायला लागले की समजायचं, देव आपल्याला हसतोय.

"महाराज, दिव्यांची गाडी बोलवू का?"

तुकडे पडले आणि दोन्ही पाठीवर डुलत राहिले. देव हसला. मागे पंचांपैकी कुणीतरी खाकरलं.

"मग बिंग-हाईने गाडीशिवाय, इथेच अंगणात, टेबलामागे बसून खेळ करावा का?"

दोन्ही पालथे. नाही म्हणजे नाही.

"बरोबरच आहे," होक हळूच म्हणाला. "राजवाडा बघायची सवय लागलेल्याला टेबल काय दाखवता?"

लो काका पेचात पडले. आता विचारायचं तरी काय? गाडी आत येत नाही, गाडीशिवाय नको, दुसरी गाडी नको. ते तुकडे हातात घेऊन तसेच उभे राहिले. पंच घड्याळाकडे बघायला लागले.

"काका, असं विचारा," ग्वे-हा म्हणाली. "तुम्ही बाहेर येता का?"

मग लो काकांचा चेहरा असा झाला की ही बाई आत्ता चुलीत उडी मारते म्हणाली असती तरी तसा झाला नसता. "वेडी झालीस? आज लोक त्यांच्याकडे येतात! वाढदिवसाच्या दिवशी ते उठून ट्रककडे जाणार? देव आहेत ते!"

"देव मागाहून झाले. आधी वैद्य होते ना?"

"हो, पण..."

"मग पेशंट दारापर्यंत येऊ शकत नसेल तर वैद्याने काय करायचं? आमचे थोरले पुलापाशी खोकत पडलेत, काका. त्यांचा धूर तुम्हाला चालत नाही, ते बरोबरच आहे. आजारीच आहेत ते. म्हणून वैद्याला घरी बोलावतेय."

दम्याच्या म्हाताऱ्या भिंतीकडेला ओळीने बसल्या होत्या, त्यातली एक खुदकन हसली. "पोरगी चूक नाही बोलत," ती म्हणाली. "माझ्या सासूच्या वेळी आले होते की पालखीतून घरी. अंगणात उतरवले होते."

"तुझ्या सासूला चाकं नव्हती," लो काका चिडून म्हणाले. मग त्यांनी तुकडे ग्वे-हाच्या हातात कोंबले. "बोलावणं तुझं, तूच विचार. तीनदा होय आलं पाहिजे. लागोपाठ. आणि ह्या खेपेला योग्य देवाला विचार!"

हसणं झालं, पण ते लगेच थांबलं. ग्वे-हा गुडघ्यांवर बसली. मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तिने आधी आपली चूक सांगितली, मग बाबांचं नाव सांगितलं, मग थोरल्यांचं. आणि मग विचारलं. पहिल्यांदा होय. दुसऱ्यांदा होय. तिसऱ्यांदा तिचे हात इतके ओले झाले होते की एक तुकडा सटकला, फरशीवर उडाला, घरंगळला आणि नैवेद्याच्या टेबलाखाली अंधारात गेला. बाहेर राहिलेला तुकडा पालथा होता. म्हणजे आतला उताणा असेल तर होय, नाही तर सगळंच संपलं.

शेवटी लो काका रेशमी अंगरख्यासकट आडवे झाले आणि मोबाईलचा दिवा लावून टेबलाखाली शिरले. सत्तरीच्या देवळाच्या प्रमुखाचं नुसतं बूड बाहेर, आणि साऱ्या पंचमंडळींचे डोळे त्या बुडावर खिळलेले. एरवी त्या गल्लीत ह्यावर वर्षभर हसले असते. तेव्हा कुणी हसलं नाही.

आतून घोगरा आवाज आला. "उताणा आहे! होय म्हणताहेत!"

लो काका टेबलाखालून बाहेर निघाले ते कपाळाला धूळ लावूनच, आणि निघाल्या निघाल्या हुकूम सोडायला लागले. माझा त्या माणसावर जीव आहे तो ह्यासाठी. देव होय म्हणाला की त्याचा विरोध तिथेच संपला. छोटी पालखी काढा, छत्री काढा, भोयांना बोलवा, पुलापलीकडच्या फळवाल्याला जागा करायला सांगा. फळवाल्याने पेरूच्या पेट्या स्वतः उचलून दुकानात घेतल्या आणि फरसबंदी पाण्याने धुऊन दिली.

वैद्यराज पालखीत बसून पुलावरून निघाले. पुढे झांजा, मागे दम्याच्या म्हाताऱ्या, कुणी काठी टेकत, कुणी नातवाच्या खांद्यावर हात ठेवून. फलकाखालून पालखी बाहेर पडली आणि थोरल्यांच्या समोर उतरली. ग्वे-हाने फळी सोडली. राजवाडा उघडला आणि उन्हात सोनं चमकलं. होकने ढोलावर पहिली काठी मारली.

बिंग-हाई पडद्यामागे उभे राहिले. आधी आशीर्वादाचा खेळ, आठ सिद्धपुरुष देवाला दीर्घायुष्य द्यायला येतात तो. मग मुख्य नाटक. ते कसं झालं हे मला सांगता यायचं नाही. म्हाताऱ्याचा आवाज फाटला होता, पण फाटलेल्या आवाजातच सेनापती जास्त शोभला. नवरी लाजली तेव्हा सिग्नलला थांबलेल्या स्कूटरवाल्या दोन पोरी हिरवा दिवा लागूनही तिथेच उभ्या राहिल्या. मागून हॉर्न वाजले, मग हॉर्न वाजवणारेही हेल्मेट काढून बघायला लागले. गल्लीच्या आत, अंगणात, कित्येक वर्षं एकट्या देवासाठी चालणारा खेळ हमरस्त्यावर आला होता, आणि रस्ता भरून गेला होता. बाबांना पडद्यामागून काही दिसत नव्हतं. ग्वे-हाला दिसत होतं. तिने त्यांना सांगितलं नाही, कारण त्यांचं लक्ष हललं असतं.

खेळ संपला तशी पालखी उठली. परत जायच्या आधी भोई तीन पावलं पुढे आले, वाकले, मागे गेले. पुन्हा तसंच, आणि पुन्हा एकदा तसंच. देवाची पालखी असं वंदन फक्त दुसऱ्या देवाला करते. लो काका नंतर सगळ्यांना समजावत होते की हे वंदन पेटीतल्या नाटकवाल्या देवाला होतं, दुसऱ्या कशाला नव्हतं. लोकांनी माना डोलावल्या आणि थोरल्यांच्या मडगार्डला हात लावून हात कपाळी नेले.

नैवेद्य वेळेत झाला. लो काका धापा टाकत परत पुलापाशी आले, हातात तांबड्या केकची पिशवी. चेहरा नुसता खुललेला. "बिंग-हाई, पंच म्हणतात मान तुमचाच. आणि पुढच्या वर्षीपासून अशीच पालखी बाहेर आणू. रिवाजच पाडू!"

ग्वे-हाने डोळे मिटून घेतले. ह्याहून जास्त तिने काही मागितलंच नव्हतं.

"नको," बाबा म्हणाले.

"नको?"

"वैद्याला एकदा घरी बोलावलं तर ते दुखणं. दरवर्षी बोलावलं तर तो माज." ते पायरीवर बसून बाहुल्यांची डोकी मऊ कपड्यात गुंडाळत होते, एकेक. "आज तो आपल्या दारात आला, लो. आता आपण काही सोडायला नको? पुढच्या वर्षी आम्ही आत येऊ." मग मान वर न करता लेकीला म्हणाले, "थोरल्यांचं इंजिन काढून टाक. नुसता ओढायचा गाडा कर. नंबरही जाईल, धूरही जाईल. पुढे कुणाची तरी नवी गाडी जोडू."

होकचा ढोल बांधता बांधता हात थांबला. ह्या इंजिनासाठी ग्वे-हा आज देवाशी वाद घालायला उभी राहिली होती, आणि ते असं, बाहुली गुंडाळता गुंडाळता, म्हाताऱ्याने देऊन टाकलं.

"बाबा, नक्की?"

"पुन्हा विचारू नकोस. एकदाच सांगायला जमलं."

सामान चढलं. बाबा पुढच्या सीटवर बसले. ग्वे-हाने किल्ली फिरवली. थोरले खोकले, काळा ढग सोडला, आणि मग तो जुना, खालच्या पट्टीतला घरघराट सुरू झाला. बाबांनी गाडीच्या पुढच्या फळीवर हात ठेवला आणि त्यांचे डोळे मिटायला लागले. तरुणपणापासून खेळ संपला की ते ह्याच आवाजात झोपत आले होते. पलंगावर त्यांना अशी झोप कधी लागलीच नाही.

चौकात उजवीकडे वळलं की घर जवळ. ग्वे-हा डावीकडे वळली.

"अगं, इकडून?" होक मागून म्हणाला. "हा समुद्राकडचा रस्ता. संध्याकाळ होईल घरी पोचायला."

"माहितीये," ती म्हणाली, आणि गाडी अगदी सावकाश चालवायला लागली.